त्यानं इचारलं, सांगतलं नाही

नागपूरच्या कॉलेजात मी इतिहास घेऊन बी.ए. करत होते. जोडविषय म्हणून फौजदारी न्याय घेतला, त्यामागे काही मोठा विचार नव्हता. संस्कृतचा तास इतिहासाच्या तासावर येत होता आणि तर्कशास्त्राची मला धास्ती होती. उरला तो हा एक विषय. प्राचार्यांनी मला खोलीत बोलावून घेतलं आणि म्हणाले, "मुलींसाठी संगीताची सोय आहे आपल्याकडे."

"मला गाता येत नाही, सर," मी म्हटलं.

त्यांनी सही केली. वर्गात मी एकटीच मुलगी होते. पहिल्या बाकाच्या टोकाला बसायचे आणि शेजारची जागा वर्षभर रिकामीच राहिली.

शिकवायला होते ते एक निवृत्त सेशन जज्ज. त्यांना दमा होता. बोलता बोलता थांबायचे, श्वास गोळा करायचे आणि नेमकं सोडलं होतं त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचे. खून कशाला म्हणायचं, सदोष मनुष्यवध कशाला म्हणायचं, पोलिसांपुढे दिलेला जबाब पुरावा म्हणून का चालत नाही, हे सगळं त्यांनी आम्हाला गोष्टी सांगितल्यासारखं शिकवलं. पहिलं वर्ष संपताना ते म्हणाले, "आता सुट्टीत आपापल्या जिल्ह्याच्या गावी जा. एक खटला सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून ऐका. निकाल लागायच्या आधी स्वतःचं मत ठरवा. माझ्या मताशी जुळावं म्हणून नव्हे. मत ठरवताना पोटात काय होतं, ते एकदा कळू द्या."

जलंबला गाडी बदलून मी खामगावला उतरले आणि तिथून मोटारीनं चिखलीला घरी आले. वडील चिखलीच्या शाळेत हेडमास्तर होते. त्यांनी फार प्रश्न विचारले नाहीत. आई मात्र म्हणाली, "खुनाबिनाचा असेल तर जेवण जाणार नाही तुला." दोन्ही गोष्टी आपापल्या जागी ठेवून मी बुलढाण्याला मामांकडे गेले. मामा गुरांचे डॉक्टर होते. दिवसभर खेड्यापाड्यांत फिरायचे आणि संध्याकाळी अंगणात खाट टाकून पाय वर घेऊन बसायचे. प्राचार्यांची चिठ्ठी दाखवल्यावर कोर्टात बेलिफाच्या टेबलाजवळ मला एक खुर्ची मिळाली. कोर्टात बाई यायची ती साक्षीदार म्हणून किंवा आरोपी म्हणून. पहिल्या दिवशी जो तो माझ्याकडे बघत होता, की ही यातली कोणती.

आरोपीला आणलं. पंचविशीचा, काटकुळा माणूस. तुरुंगातल्या अंधारातून आल्यामुळे असेल, त्यानं डोळ्यांवर हात धरला होता. चिखली आणि मेहकरच्या मधलं एक खेडं, तिथला कुणबी. त्याच्यावर आरोप होता थोरल्या भावाच्या खुनाचा. जज्जसाहेबांच्या कारकुनानं आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"मले माहीत नाही," तो म्हणाला.

"हो किंवा नाही, एवढंच सांगायचं."

"हो म्हनलं तरी खोटं होईन साहेब. नाही म्हनलं तरी खोटं होईन."

कोर्टात थोडी खसखस पिकली. सरकारनं त्याला दिलेला वकील घाईनं उठला आणि म्हणाला, गुन्हा नाकबूल असं लिहावं. साहेबांनी तसं लिहिलं. तो मात्र लिहिणाऱ्या हाताकडे बघत राहिला. खाली काय उमटतंय ते आपल्याला वाचता आलं असतं तर बरं, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

पुढचा आठवडाभर मी रोज तिथे बसत होते. हकिगत हळूहळू उलगडत गेली.

दोघा भावांचं शेत एकत्र होतं. थोरल्याचं लग्न झालेलं, दोन लहान मुलं. धाकट्याचं व्हायचं होतं. कापूस वेचणीचे दिवस. धाकट्यानं बैल नीट बांधला नाही, तो ज्वारीत शिरला, म्हणून थोरल्यानं त्याला चारचौघांत दोन थोबाडीत दिल्या. धाकटा काही बोलला नाही. रागानं म्हणा किंवा राखणीला म्हणा, तो शेतातल्या खोपडीत, म्हणजे गवताच्या झोपडीत, राहायला गेला. तिथे त्याला हिवताप भरला. दुसऱ्या दिवशी दुपारी कोणीतरी निरोप आणला की तो तापात बरळतो आहे. थोरला काढा आणि भाकरी घेऊन गेला. दिवस कलला तरी परतला नाही. तेव्हा त्याची बायको बघायला गेली.

तिला दिसलं ते असं. नवरा खोपडीच्या दारात पडलेला, डोक्यात घाव. खोपडीतलीच लाकडं फोडायची कुऱ्हाड बाजूला. आणि धाकटा दीर भावाचं डोकं मांडीवर घेऊन थरथरत बसलेला. काढ्याचा तांब्या लवंडलेला.

एका मेंढपाळानं सांगितलं की त्या दुपारी नाल्याच्या काठानं दोन अनोळखी माणसं पाठीवर गाठोडी घेऊन घाईनं जाताना त्यानं पाहिली होती. ओळखू शकशील का, तर नाही. खोपडीतला थोडा कापूस गेला होता असं कोणी म्हणे, गेला नव्हता असं पोलीस म्हणत. धोतरावर रक्त होतं, पण भावाचं डोकं मांडीवर घेतल्यावर ते लागणारच. डॉक्टरांना सरकारी वकिलांनी विचारलं, "एवढ्या तापात माणूस उठून घाव घालू शकतो का?" डॉक्टर म्हणाले, "घालू शकतो, आणि नंतर त्याला आठवणारही नाही." मग आरोपीच्या वकिलानं विचारलं, "एवढ्या तापात माणूस मान वर करू शकत नाही, असं होतं का?" डॉक्टर म्हणाले, "तसंही होतं."

सगळं येऊन थांबलं ते त्या बाईपाशी.

ती साक्षीला उभी राहिली तेव्हा पंखा ओढणारासुद्धा थांबला होता. कपाळ मोकळं, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिनं सगळं न अडखळता सांगितलं. सरकारी वकिलांनी विचारलं, "तुम्ही तिथं गेल्यावर आरोपी तुम्हाला काय म्हणाला?"

"म्हने, वहिनी, म्या मारलं का?"

वकील थबकले. त्यांनी हातातला कागद पाहिला. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबात काय होतं ते मला खुर्चीतूनही कळलं, कारण त्यांच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. तिथे 'म्या मारलं' एवढंच असणार.

"नीट आठवा," ते म्हणाले. "तो म्हणाला, 'वहिनी, म्या मारलं.' असंच ना?"

"नाही. म्या मारलं का, असं म्हने."

"पोलिसांना तुम्ही तसं सांगितलं नव्हतं."

"त्याहिनं काय लेहलं ते मले काय ठाव. त्यानं इचारलं जी. सांगतलं नाही."

मग साहेबांनी स्वतः पेन खाली ठेवलं. ते मराठी सावकाश, तोलून बोलायचे. "बाई, तुझा नवरा गेला आहे. खरं सांगायला घाबरू नकोस. त्यानं विचारलं, की सांगितलं?"

"इचारलं," ती म्हणाली.

साहेब इंग्रजीत लिहू लागले. त्या एका अक्षरासाठी त्यांना अख्खं वाक्य फिरवून लिहावं लागलं असेल. मी तिच्याकडे बघत होते. ती साहेबांकडेही बघत नव्हती आणि दिराकडेही नाही. वर बंद पडलेल्या पंख्याकडे बघत होती. आरोपीनं मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच डोळ्यांवरचा हात काढला होता.

त्या संध्याकाळी मामा म्हणाले, "झालं का तुझं मत?"

"झालं."

"काय?"

"सोडायला पाहिजे. शंका राहते."

"आणि पोटात काय होतं?"

प्राध्यापकांचं वाक्य मी मामांना आधीच सांगून ठेवलं होतं. मी सांगितलं की कायद्यानं बघितलं तर शंका राहते, पण डोळे मिटले की मला तोच उठताना दिसतो. मामा खाटेवर पाय हलवत बसले. मग म्हणाले, "आमच्या गुरांचं बरं. दुखणं दाखवतात, पण विचारत नाहीत काही." आईचं भाकीत खरं ठरलं होतं, मला जेवण जात नव्हतं.

साहेबांना सल्ला द्यायला असेसर म्हणून बसलेल्या गावच्या प्रतिष्ठितांमध्ये मतं फुटली. निम्मे दोषी म्हणाले, निम्मे निर्दोष. त्यांचं मत साहेबांवर बंधनकारक नव्हतंच. साहेबांनी निकाल वाचला. संशयाचा फायदा देऊन आरोपीला मुक्त करण्यात येत आहे. तो उभाच राहिला. शिपायानं त्याच्या खांद्याला हात लावून "जा" म्हटलं, तेव्हा तो दोन पावलं तुरुंगाच्या वाटेच्या दाराकडेच चालला. शिपायानं त्याला धरून दुसऱ्या दाराकडे वळवलं.

मी बाहेर आले तेव्हा भावजय तिच्या भावाबरोबर निघून गेली होती. तो कोर्टाच्या आवारात लिंबाखाली उभा होता. त्याला न्यायला कोणी आलं नव्हतं. मला बघून तो जवळ आला आणि चार हातांवर थांबला.

"बाई, तुमी रोज येत होत्या. तुमी कोनाकडच्या?"

"कोणाकडचीच नाही," मी म्हटलं. "मी कॉलेजात शिकते. ऐकायला आले होते."

"सगळं ऐकलं तुमी?"

"हो."

"मंग तुमी सांगा. म्या मारलं का?"

मला वाटलं, हा विचारतोय ते कोर्टानं काय ठरवलं ते. मी म्हटलं, "तुम्हाला सोडलं आहे कोर्टानं. आता तुम्ही मोकळे."

"ते समजलं. वकीलसाहेबानं सांगतलं, संशयाचा फायदा भेटला म्हने. पन मले ते नाही इचारायचं. सरकारी वकील त्याहिच्या बाजूनं बोलला, माहा वकील माह्या बाजूनं. तुमी दोनीकडून ऐकलं. तुमाले काय वाटते?"

तो वाट बघत होता. त्याला दया नको होती, आशा नको होती. एखाद्या माणसानं रस्ता विचारावा तसं तो विचारत होता.

"मला सांगता येणार नाही," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, आणि हात जोडून मेहकरच्या वाटेला लागला. मोटार थांबायची जागा दुसरीकडे होती. तो चालतच निघाला होता.

नागपूरला परत गेल्यावर मी प्राध्यापकांना सगळं सांगितलं. ते खिडकीकडे बघत ऐकत होते. मग म्हणाले, "खटला नीट चालला का, एवढंच तू विचारायचंस. नीट चालला. बाकीचं तुझ्या विषयात येत नाही." एवढं बोलून त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाले, "मी ज्यांना फाशी दिली, त्यांची मला आठवण येत नाही, हे सांगायला लाज वाटते. ज्यांना सोडलं, त्यांतले दोघेतिघे येतात. जेवताना येतात बहुधा." परीक्षेत संशयाच्या फायद्यावरच प्रश्न आला. मी चांगलं लिहिलं, चांगले गुण पडले. त्या गुणांचा मला आनंद झाला होता, हेही आठवतं.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या सुमारास मी चिखलीच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले. एका बाजाराच्या दिवशी दुपारी तो आमच्या ओट्यापुढे येऊन उभा राहिला. ज्वारी घेऊन बाजाराला आला होता. माझा पत्ता त्याला कसा लागला ते मी विचारलं नाही. हेडमास्तरांची मुलगी कॉलेजात शिकते, ही गोष्ट तेव्हा चिखलीत कोणालाही माहीत होती. आईनं त्याला पाणी दिलं आणि कोण ते कळल्यावर आत जाऊन देवघरापाशी बसली.

तो घरी परत गेला होता. त्या घरातच. मी चकित झाले. त्यानं सांगितलं की बुलढाण्याहून चालत गेला, तो आधी गावाबाहेरच्या मारुतीपाशी बसून राहिला. गावातलं कोणी बोललं नाही. संध्याकाळी वहिनी आली आणि म्हणाली, "बैल भुके हायेत." तो उठून गेला. तेव्हापासून शेत तोच वाहत होता. भावाची मुलं त्याला काकाजी म्हणत. लग्नाचं त्यानं नाव काढू दिलं नव्हतं.

"बरं चाललंय मग," मी म्हटलं.

"हाव. चालून राह्यलं." मग तो खाली बघत म्हणाला, "बाई, मले कुऱ्हाडीचा दांडा हातात आठोते. गरम. पन त्या दिवशी सकाळी म्या इंधन फोडलं होतं. तो तवाचा आठोते का मागूनचा, ते समजत नाही. तुमी तं शिकलेल्या. असं कसं पाह्यचं असते?"

ताप असला की माणसाला भलतंसलतं आठवतं, असं काहीतरी म्हटलं. त्यानं मान हलवली. पाणी पिऊन झालेला तांब्या त्यानं स्वतः विसळून उपडा ठेवला आणि गेला.

पुढे तो वर्षातून एखाद्या वेळी यायचा. दर वेळी काहीतरी तुकडा घेऊन यायचा. एकदा म्हणाला, "दादाचा आवाज आठोते. 'घे, पे' म्हने. म्हंजे काढा पेलो असंन का म्या? पेलो असंन तं मंग मारीन कायले?" दुसऱ्या खेपेला म्हणाला, नाही, तो आवाज लहानपणच्या एका दुखण्यातला असेल. त्या दुपारी खोपडीत काय घडलं, याचा तो स्वतःवर खटला चालवत होता. सरकारी वकील तोच, आरोपीचा वकील तोच, आणि मी आपली खुर्चीवर बसलेली. तो गेल्यावर घर ओकंओकं वाटायचं. वर्गात शिकवताना एखादी मुलगी मान वाकडी करून प्रश्न विचारू लागली, तरी मला मध्येच त्याचा आवाज ऐकू यायचा. भावजयीचं मी त्याला विचारत नव्हते. तोही तिच्याबद्दल फारसं बोलत नसे.

शाळेच्या मुलींना घेऊन आम्ही एकदा मेहकरचं जुनं देऊळ बघायला गेलो होतो. मुली खांब मोजत पळत होत्या. मंडपाच्या सावलीत एक बाई बसली होती. तिनंच मला ओळखलं.

"तुमी कोर्टात बसत होत्या," ती म्हणाली. "तो तुमच्याकडे येते ना?"

"येतात कधीमधी."

"अजून इचारते का?"

मी हो म्हटलं. दुपारचं ऊन दगडांवर पडलं होतं आणि मुलींचे आवाज लांबून येत होते.

"त्यानं 'का' नव्हतं म्हनलं," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग साक्षीतला तिचा 'का' आठवला.

"'वहिनी, म्या मारलं,' असं म्हने. माह्याकडे पाहून नाही म्हने, असाच. 'म्या मारलं, म्या मारलं,' तेच घोकून राह्यला होता. अंगाले हात लावला तं भट्टीवानी ताप. खरं मारलं, का दादाले मेलेलं पाहून तापात तसं बरळला, ते देवाले माहीत."

"मग तुम्ही 'का' कुठून—"

"म्या लावला." तिनं हे अगदी साध्या सुरात सांगितलं. "उभी राह्यली तवा बी मले माहीत नव्हतं काय म्हनीन. सायब म्हने, सांग. मले वाटलं, एक तं गेला. आता हा एक शबूद म्या जसा बोलीन तसा हा बी जाईन. अन् मले नक्की ठाव असतं तं गोष्ट येगळी होती. नक्की नव्हतं ठाव. मंग म्या जे नक्की नाही, ते इचारल्यासारखंच सांगतलं."

मी तिच्या शेजारी बसले. मग मी विचारलं, "भीती नाही वाटली? त्याच घरात राहायची?"

"वाटली ना. पहिलं वरीस कुऱ्हाड म्या दाण्याच्या कनगीत लपवत होती. लाकडं शेजारच्याकडून फोडून घेतली. मंग एक दिवस पाऊस लागला, चूल पेटेना, लेकरं भुकी. म्या काढली अन् त्याच्या हातात देली. तो तिच्याकडे पाहत राह्यला, माह्याकडे पाहत राह्यला. मंग फोडली लाकडं. रडून राह्यला होता."

उठताना ती म्हणाली, "त्याले सांगू नका. सांगतलं तं तो मरीन. अन् नाही सांगतलं तं असाच इचारत राहीन. मले काही समजत नाही माय."

त्यानंतर मी त्याच्या येण्याची धास्ती घेतली. बाजाराच्या दिवशी ओट्यावर पाऊल वाजलं की हातातलं काम थांबायचं. त्यानं विचारलं तर मी काय सांगायचं? तो बोलला होता, एवढं मला आता माहीत होतं. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. माझ्या प्राध्यापकांना मी मनातल्या मनात विचारायचे, की कबुली देणाऱ्यालाच आपली कबुली ठाऊक नसेल तर ती कोणाची? ते तोवर वारले होते. तो वर्ष-दीड वर्ष आला नाही. मग आला तो लग्नाचं सांगायला. पुतणीचं लग्न होतं. "तुमी या, बाई. वहिनीनं खास सांगतलं हाय."

मी गेले. मांडव साधाच होता, पण आंब्याच्या डहाळ्यांनी भरलेला. मुलीचा बाप नव्हता, कन्यादान त्यानं केलं. जावयाचे पाय तो धूत होता आणि गावातली माणसं हे सगळं रोजचंच असल्यासारखी बघत होती. जेवायला मी बायकांच्या पंगतीत बसले. भावजय वाढत होती. पुरुषांच्या पंगतीत तो शेवटी बसला होता. तिनं न विचारता त्याच्या द्रोणात कढी घातली. त्यानं मान वर न करता हात आडवा धरला. तरी तिनं आणखी एक पळी घातली. एकाच घरात, एकाच चुलीवर, रोज हे चाललं होतं, आणि त्या दोघांच्या मध्ये तो गेलेला तिसरा होता, जो दोघांचाही होता.

निघताना तो मला मोटारीच्या रस्त्यापर्यंत सोडायला आला. दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं होती. तो पावसाबद्दल बोलला, जावयाबद्दल बोलला. मी प्रत्येक पावलाला वाट बघत होते की आता विचारील. मोटारीचा धुरळा लांब दिसू लागला तेव्हा मलाच राहवेना.

"आज काही विचारलं नाही तुम्ही," मी म्हटलं.

"आता नाही इचारत, बाई."

"काऊन?" माझ्या तोंडून 'का'साठी त्याच्याच बोलीतला शब्द निघाला.

"वहिनीले माहीत हाय," तो म्हणाला. "काय माहीत हाय ते मले नाही माहीत. पन तिले काईतरी माहीत हाय. म्या तापानं फणफणलो की ती उशाशी बसते, अन् म्या काही बोललो तं माह्या तोंडावर हात ठेवते. झोपेत समजते मले. इतकी वर्सं तिनं ते पोटात ठेवलं. तिच्यानं ते उचलल्या जाते, तं म्या कायले ओढून काढू?"

मोटार येऊन थांबली. त्यानं माझी पिशवी वर ठेवली.

"तुमाले बी माहीत असंन," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो. मी काही बोलायच्या आत त्यानं हात जोडले आणि दोन पावलं मागे सरला.

त्यानंतर दोन पावसाळे गेले आणि तो हिवतापानंच गेला, असं मेहकरच्या एका शिक्षिकेकडून कळलं. पुतण्यानं अग्नी दिला. भावजय पुढे पुष्कळ वर्षं जगली, पण आमची पुन्हा गाठ पडली नाही. तापात शेवटी तो काही बोलला का, आणि बोलला असेल तर तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला का, हे मला कधी कळलं नाही. दुपारी घर शांत असलं की अजूनही मला वाटतं, ओट्यापलीकडे कोणीतरी येऊन चार हातांवर थांबलं आहे. मी उठून बघत नाही. थोडा वेळ थांबून तो माणूस जातो.